बारा वर्षांखालचे पंधरा जण

३ खुर्दाद १३५० फसली

बद्रीनाथशेठला आज निजाम सरकारचा कारखान्यांचा कायदा वाचून दाखवला! उर्दूतला मराठीत करून, सावकाश, शब्द तोडून. बारा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला ठेवू नये. शेठनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लिहिणाऱ्याचे पोरं मोठे झाले असतील, रामराव."

माझी चटई तहसील कचेरीच्या भिंतीला, त्याचं बिडीचं दुकान रस्त्यापलीकडे. बावीस वर्षं मी इथे बसून लोकांचे अर्ज लिहितो आणि समोर बघतो. एक खोली, पंधरा पोरं, प्रत्येकाच्या मांडीवर सूप. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. दुमडायला नख लागतं. म्हणून शेठच्या दुकानात अंगठ्याचं नख कापायला बंदी! नख मोडलं की दिवसभर शिव्या. या संस्थानात इतका काटेकोर पाळला जाणारा दुसरा नियम मला तरी माहीत नाही.

दुपारी इंद्रायणी रस्ता ओलांडून येते. धुळाजी मेंढक्याची पोरगी. वय नऊ, चेहरा चाळिशीचा.

"मामा, भाकर मोडून द्या. माझ्या हातानं कडू लागती."

मी मोडून देतो. ती घास उचलत नाही, तोंड पुढे करते.

४ खुर्दाद

शेठच्या दुकानातल्या पोरांबद्दल सरकारकडे, हैदराबादेला, अर्ज लिहिला. खाली आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची सही. लोकांच्या नावानं हजारदा 'हुजूर, गरिबावर दया व्हावी' लिहिलं, हात कधी अडखळला नाही. आज अडखळला.

इंद्रायणीच्या आईला, सुगंधाबाईला, सांगितलं. पोरगी सुटेल म्हणालो. तिनं डोक्यावरचा भारा खाली ठेवला नाही, तशीच उभी.

"सुटंल. आन् मंग?"

"मग शाळा!"

"तिचा बाप मेंढरं घेऊन तिकडं गोदाकाठाला गेल्ता, तो अजून आला न्हाई. शाळंत भाकर देत्यात का, दादा?"

तिच्यावरच चिडलो. हे आपल्याला चांगलं जमतं.

१२ खुर्दाद

कचरू चपराशी सांगून गेला, "तुमच्या अर्जावर कारखानेवाले साहेब एकोणीसला येऊन राह्यले दुकान तपासायला." मी खूश! मग कळलं, शेठला ही बातमी परवाच मिळाली आहे.

"त्याला आधी कशाला कळवलंत रे?"

"मंग? साहेबाच्या जेवणाचा बंदोबस्त त्याच्याकडंच हाय ना! कोंबडी लागती, वाळ्याचे पडदे लागतात. तुम्ही करता का तेवढा खर्चा?"

ज्याची तपासणी, त्याचंच ताट. कचरूला यात काही चुकलंय असं वाटेना. समजावता समजावता माझाच घसा बसला.

१९ खुर्दाद

आजचं अक्षर कुणी बघू नये.

साहेब अकराला टांग्यातून उतरला. दहालाच पंधरा पोरं गायब! त्यांच्या जागी चावडीवरचे सात म्हातारे, मांडीवर सुपं. त्यात रखमाजी दोन्ही डोळ्यांनी आंधळा, सूप उलटं धरून बसलेला. साहेबानं नेमकं त्यालाच विचारलं, "काम कैसा है?"

"बहोत बढिया, हुजूर. डोळ्यांदेखत उरकतं."

साहेब जेवला. वाळ्याच्या पडद्याआड झोपला. तीनला गेला. शेरा लिहून गेला — काम समाधानकारक.

पोरं घरी पाठवली असतील असं मी समजत होतो, ती पानांच्या कोठडीत होती. ओली पानं भरलेली पोती, खिडकी नाही, वर पत्रा, पत्र्यावर चैत्राचं ऊन. पाच तास! कडी काढली तेव्हा चौदा जण चालत बाहेर आले. पंधरावी मी उचलून आणली. इंद्रायणी. ओठ निळे, मान लोंबकळत होती. एवढी हलकी की आपण नुसतं लुगडं उचललं असं वाटलं.

शेठच्या अंगावर गेलो. "कोंडलंत! मेंढरं तरी कुणी अशी कोंडत नाही!"

तो डगमगला नाही. "ओरडू नका. इतके दिवस पोरं दाराशी वाऱ्याला बसून राह्यली होती. कोणाच्या अर्जापायी कोंडावं लागलं, ते बोला ना."

पोरगी खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे पळालो.

२० खुर्दाद

डोळे उघडले तिनं. जगते.

२८ खुर्दाद

डॉक्टर म्हणाले, छातीत तंबाखूची धूळ आधीपासूनच बसलेली होती, त्यात हे. चार पावलं चालली की धाप. यापुढे सुपाजवळ बसवायचं नाही — बिलकुल नाही.

म्हणजे सुटली. मी मागितलं होतं ते मिळालं.

सुगंधाबाईनं पोरीची नखं कापली. दहाही. मी बघत उभा होतो, तर म्हणाली, "बसा की दादा, परकं असल्यागत काय उभे."

२१ तीर

हैदराबादेहून जबाब आला! दोन ओळी. सदर दुकानात वीस माणसं काम करत नाहीत, इंजिन नाही, सबब तो कारखाना नाही. सबब कायदा लागू नाही.

तीनदा वाचला. मग कायद्याची प्रत काढली. पहिल्याच पानावर 'कारखाना' म्हणजे काय ते छापलेलं आहे. हे पान मी वाचलंच नव्हतं! अर्जाला लागणारं कलम तेवढं उचलायचं, पहिली पानं उलटून टाकायची — बावीस वर्षांची सवय. जालन्यात माझ्याइतकं उर्दू कुणाला येत नाही म्हणून मिरवतो मी!

म्हणजे शेठ ज्या कायद्याला भ्याला, तो त्याला शिवणारच नव्हता. पोरं कुणापासून लपवली, तर ज्याला काहीच करता येत नव्हतं त्याच्यापासून. आणि साहेब? त्यानंही वाचलं नसणार. किंवा वाचलं असेल. पण मग कोंबडी कशी मिळाली असती?

शेठवर ओरडावं तर माझा अर्ज आडवा येतो. सरकारवर ओरडावं तर छापील पान आडवं येतं. आज दिवसभर शाईच्या दौतीवर ओरडलो.

२३ तीर

शेठनं पेढे वाटले. पहिला द्रोण माझ्या चटईवर.

"वीस व्हायला नको, इतकंच ना? आज चौदा हायेत. म्हणजे अजून पाच बसवता येतात. बराबर?"

मी द्रोण बाजूला सरकवला.

"बराबरच असंल. कायदा तुम्हीच तर शिकवला, रामराव." आणि हसला. टोमणा नव्हता, हेच वाईट. मनापासून आभार मानत होता!

पेढे कुत्र्याला टाकले. कुत्र्यानं खाल्ले.

२६ तीर

सुगंधाबाई आली. कडेला धाकटी, साळू. सातवं सरलेलं.

"दादा, चार जागा भरल्या म्हणं. एकच राह्यली. तुमची चिठ्ठी असली तर शेठ न्हाई म्हणायचा न्हाई. मोठीचं औषध संपलंय."

लिहून दिली.