हेल्मेट घालून बसलेली मुक्ता

धायरी, मंगळवार, जेवणं आटोपल्यावर

संध्याकाळी भाजी घेऊन आले, तर आमची मुक्ता खाली पार्किंगमध्ये गाडीवर बसलेली. डोक्यावर हेल्मेट तसंच.

"काय गं, वर नाही यायचं?"

"थांबते जरा, आज्जी. वर गेलं की पुन्हा पुस्तकं."

भौतिकशास्त्र आणि संस्कृत, दोन पदव्यांचे अभ्यासक्रम एकदम. नातीने घेतले ते माझ्याच जोरावर. सूनबाई म्हणत होती, एकच धड करू दे. मीच म्हटलं, झेपतं पोरीला. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं वाचनालयातून आणून वाचलं, म्हणून मला हौस दांडगी. हळदीकुंकवाला चारचौघींत तिला श्लोक म्हणायला लावते, वर ग्रहणाचं शास्त्रही सांगायला लावते. बिचारी सांगते.

मग हेल्मेटच्या काचेआडून हळूच म्हणाली, "आज्जी, एक सोडलं तर चालेल?"

आणि मी काय म्हणावं? "कोणतं?"

जीभ झडली कशी नाही माझी! पोर बुडताना हात वर करते आणि मी विचारते, कोणता हात?

"काही नाही गं, गंमत केली," म्हणाली. हेल्मेटसकटच जिना चढली. जेवताना हसलीसुद्धा. त्या हसण्याचंच भय वाटतंय मला.

उद्या तिने हेल्मेट डोक्यात घालायच्या आत सांगायचं, चालेल बाई, दोन्ही सोडलीस तरी चालेल. पण आता माझ्या तोंडून तिला ते खरं वाटेल का?