दुसरं सांग

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या घराच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, आणि वयानं मी तुमच्या पुढं गेले. तरी तुम्हाला लिहायला बसलं की पाठ आपोआप ताठ होते. अक्षर वाकडं आलंय, पण आज त्यावरून बोलू नका, कारण आज मीच तुमच्यावर रागावलेली आहे. शाळेतून आल्यापासून भांडी आदळते आहे. घरात विचारणारं कुणी नाही, म्हणून तुम्हालाच ऐकावं लागेल.

चौथीची परीक्षा संपली होती. आपल्या गावची शाळा तिथंच संपायची, पुढं एसटीनं धामणगाव बढेला जायचं. त्या एसटीची मला अशी धास्ती बसली होती की घास उतरेना. आईनं हात धरून तुमच्या दारात आणून सोडलं, "इचं काय ते आता तुमीच पाहा." तुम्ही चुलीपुढं बसल्या आहात, परातीत ज्वारीचं पीठ, आणि माझ्याकडे न बघताच विचारता, "एसटी नाही आली. मंग?" मी म्हणते, "रडीन." "बरं, रडून झालं. मंग?" "पायी येईन." "दुसरं सांग." "मैत्रिणीकडे राहीन." "दुसरं सांग." "तुमच्याकडे येईन." "माह्याकडे? माह्या घरचा ठेचा पाहून घे आधी," असं म्हणून तुम्ही भाकरीच्या तुकड्यावर ठेचा ठेवून माझ्या हातात दिला. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी खदखदून हसत होते. त्या दिवसापासून एसटीची भीती गेली. वर्गातही तुमचा तोच खेळ. बैल सुटला, मंग? बादली विहिरीत पडली, मंग? कुणी "देव पाहील" म्हटलं की टेबलावर पट्टी वाजायची, "देवाले दुसरे कामं नाहीत का बे?" एकदा मी शेजारच्या पोराचंच उत्तर परत सांगितलं, तर तुम्ही मला दारात उभं केलंत आणि नवीन सुचेपर्यंत आत घेतलं नाहीत. तेव्हा फार राग आला होता. पण मी मास्तरीण झाले ती तुमच्यासारखी व्हायचं म्हणूनच.

तुम्ही गेलात तेव्हा बीटी कपाशीचं बियाणं नुकतं आलं होतं. लोक म्हणायचे, आता कपाशीवरच्या अळीचं नाव काढायला नको. मग काही वर्षांनी गुलाबी अळी आली. वरून बोंड कसं हिरवंगार, टपोरं, आणि फोडलं की आत सगळं सडलेलं. मी आता जानेफळच्या बाजूला सहावी-सातवीला शिकवते. इथल्या घरांत काय चाललंय ते पोरांच्या डब्यावरून आणि डोळ्यांवरून कळतं. यंदा तालुक्याला आमचं प्रशिक्षण झालं. विषय काय, तर बदल आला, चिंता आली, तर मुलांनी लवचीक विचार कसा करावा. साहेबांनी पडद्यावर वाऱ्यात वाकणाऱ्या बांबूचं चित्र दाखवलं. आमच्या गावात बांबू लागतो तो तिरडीला, हे कुणी त्यांना सांगितलं नाही. पण मनातून मी फुशारले होते. म्हटलं, हे तर माझ्या बाईंनी चुलीपुढं बसून शिकवलंय मला.

परत आले आणि वर्गात तुमचा खेळ सुरू केला. पोरं खूश! पाऊस लांबला, मग? सायकल पंक्चर झाली, मग? हात वर, नुसता गोंधळ. सहावीत एक पोर आहे, खिडकीशी बसते, तिथून तिच्या घराकडचा रस्ता दिसतो. ती कधी बोलत नाही. त्या दिवशी तिनं हात वर केला. म्हणाली, "बाई, घरातलं माणूस बोलेनासं झालं, मंग?" त्यांच्या गल्लीत पोळ्यानंतर एकानं फवारणीचं औषध घेतलं होतं, आणि तो वाचला नव्हता. ते पोरांना आमच्या आधी माहीत होतं. तिचा बापही अळी पडल्यापासून ओट्यावर नुसता बसून असतो, हे मी ऐकून होते. तरीही मी काय केलं? खेळ चालू ठेवला. म्हटलं, तूच सांग. ती म्हणाली, "त्याच्या मांगं मांगं राहा लागते." मी म्हटलं, "दुसरं सांग." ती थांबली, ओठ चावले आणि म्हणाली, "आहे दुसरं. पण सांगत नाही." मी म्हटलं, शाब्बास!

दोन-तीन दिवसांनी खिचडीच्या सुट्टीत पोरं ओरडायला लागली, "बाई, वास येऊन राह्यला!" वास तिच्या दप्तराचा होता. उघडून पाहते तर आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली औषधाची बाटली. झाकणावरून प्लास्टिकची पिशवी, वरून सुतळी. ते दप्तर सकाळपासून पोरांच्या मधे होतं. तिला ओढून बाहेर नेलं, हात साबणानं घासले, ओरडले, "काऊन आणली वं ही?" ती रडली नाही. अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, "आईनं कोठीत लपोली, बाबाले सापडली. गोठ्यात लपोली, तिथीबी सापडली. शाळेत बाबा येत नाही. तुमीच म्हटलं ना, दुसरं सांग."

बाई, तिचं उत्तर बरोबर होतं. तुम्ही असता तर काय म्हटलं असतं? मला तर तिच्या तोंडाकडं बघवेना.

बाटली मी कपाटात कुलूप लावून ठेवली. दुपारी तिचा बाप आला. चपला दाराबाहेर काढून, टोपी हातात घेऊन उभा. "बाई, माह्यं औषध." मी विचारलं, "कायले पाहिजे भाऊ?" "कायले म्हंजे? पऱ्हाटीत अळी पडून राह्यली, फवारा लागते." त्याचं म्हणणं खरंही होतं. फवारणीचेच दिवस होते. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. इतकी वर्षं पोरांचं खोटं मी चेहऱ्यावर पकडत आले, पण या माणसाच्या चेहऱ्यावर मला काही म्हणता काही वाचता येईना. शेवटी सरळच विचारलं, "भाऊ, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येते का?" वाटलं, चिडेल, माझी खरडपट्टी काढेल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बघत म्हणाला, "रोज नाही येत, बाई."

बाटली दिली नाही. आरोग्य खात्याच्या आशाताईंना निरोप धाडला. त्यांनी त्याला आणि त्याच्या बायकोला घेऊन मेहकरचा दवाखाना गाठला. डॉक्टर चांगले निघाले, गोळ्या सुरू झाल्या. बाटली मग मी त्याच्या चुलतभावाच्या हाती दिली. ती त्या भावाच्याच घरी राहिली आणि फवारणी दोघांनी मिळून केली. आता तो घरातल्यांशी दोन शब्द बोलतो म्हणतात. म्हणजे निभावलं. गाव मला म्हणतं, बाई, तुमी होत्या म्हणून. मी मान हलवते आणि घरी येऊन भांडी आदळते. तुमच्या वेळी एसटी नाही आली तर पाय होते, मैत्रीण होती, तुम्ही होतात. तुम्ही विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं होती हो! ज्याला उत्तरच नाही असा प्रश्न पोरानं विचारला तर काय करायचं, ते तुम्ही शिकवलंच नाही. कदाचित तुम्हालाही येत नसेल. पण मग तसं सांगायचं तरी होतं!

हे पत्र कुठं जाणार नाही, ते मलाही कळतं. लिहून उशीखाली ठेवीन आणि चार दिवसांनी फाडीन. पण आजचं तेवढं ऐका. सुट्टीत ती पोर माझ्या टेबलाशी आली. चेहरा शांत, गणित अडल्यासारखा. हळूच म्हणाली, "बाई, कृषी केंद्रात तं लय बाटल्या असतात. त्या कुठी लपवाच्या?"

मी म्हटलं, "जा, घंटा झाली."

घंटा झाली नव्हती, बाई.