चाकांची बॅग

अबैआंग बेट,
मंगळवार, १२ ऑगस्ट

बाळ तेकाई,

आईचे पोटभर आशीर्वाद. सूनबाईला आणि आमच्या नातीला, छबडीलाही. इकडे सगळे बरे. डुकरीण व्याली, सहा पिल्लं. नीरा भरपूर उतरतेय. खोबरं न्यायला जहाज तीन आठवडे आलं नाही, गोदामातले उंदीर माणसांपेक्षा गुटगुटीत झालेत. विहिरीचं पाणी जरा खारट लागतं, पण चहात कळत नाही.

छबडीचा फोटो मिळाला. दोन दात! सभाघरात सगळ्यांना दाखवला. आंधळ्या तोआकाईलासुद्धा. म्हणाला, "नाक अगदी तुझ्यावर गेलंय."

मी तिकडे ऑकलंडला यावं म्हणून तू पाठवलेली चाकांची बॅग पोचली. सुरेख होती. आता नाही. तुझ्या तेरेंगा आत्याने मागितली. ऑकलंडला राहून विसरला असशील, पण आपल्या माणसाने बुबुती घातली, तोंड उघडून मागितलं, की नाही म्हणता येत नाही. आत्या तिच्यातून खोबरं नेते. वाळूत चाकं फिरत नाहीत, म्हणून डोक्यावर घेते. बॅगेतला लोकरी कोट तुझ्या चुलतभावाने मागितला. होडीत घालून बसतो, आणि मासे पळाले की कोटाला शिव्या देतो.

आता बिनबॅगेची, बिनकोटाची मी त्या थंडीत कशी येणार? विमान आत्ताच डोक्यावरून गेलं. मी हात केला.

जाऊ दे, मला खोटं पचत नाही. आत्या मागतच नव्हती. मीच मागे लागले.

"अहो वहिनी, मला काय करायचीय बॅग?"

"वन्सं, मागा म्हटलं ना!"

"बरं बाई, मागते. द्या."

"अगंबाई! आता नाही कसं म्हणू?"

चार दिवसांसाठी ये म्हणाला असतास तर उडत आले असते. तू कायमची ये म्हणालास. सभाघरातली तिसऱ्या खांबाजवळची आपल्या घराची जागा रिकामी ठेवू? आणि छबडीचा पहिला वाढदिवस म्हणे भाड्याच्या हॉलमध्ये, वीस माणसांत! वीस तर आपल्याकडे नुसती भांडी घासायला लागतात.

तर नीट वाच. मी, तुझी सख्खी आई, बुबुती घालते: छबडीला घेऊन ये. वाढदिवस इथे, तिसऱ्या खांबापाशी, माझ्या मांडीवर. बॅग आणलीस तर दोन आण, आत्याला आता सवय झालीय.

येतोस का, असं विचारत नाही. छबडीसाठी केवड्याची चटई विणायला घेतली आहे.

मागून मोकळी झालेली,
तुझी आई