खारवाडीच्या छपराबाबत

मी, चंद्राबाई तात्याबा मारकड, वय बहात्तर, राहणार सणसर, तालुका इंदापूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवते. माझी अक्कल ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरचा दाखला घेतला आहे. तो डॉक्टर लखनच्या ओळखीचा निघाला, म्हणून दुसऱ्या डॉक्टरचाही घेतला. दोन्ही सोबत जोडले आहेत.

मजकूर इंदापुरातला टायपिंगवाला ऋषिराज याने उतरवला. त्याला बजावलं आहे की माझी वाक्यं सरळ करायची नाहीत. तरी त्याने मधेच काही घुसडलं असेल, म्हणून प्रत्येक पान शेजारच्या दुकानात नेऊन वाचून घेतलं. ऋषिराज रुसला. रुसू दे.

कलम १. सणसर येथील राहतं घर, गोठा आणि डाळिंबाची बाग माझा मुलगा लखन यास द्यावी. तो लोणी देवकरला कारखान्यात जातो, सुट्टीला बाग बघतो, मला वेळेवर जेवण मिळतं. तक्रार नाही. पण वर्षभरात त्याने खारवाडीचा सातबारा तीनदा मागितला. "आये, नुसता झेरॉक्स दे, बघायचाय." सातबारा काय बघायची वस्तू आहे? तिसऱ्या वेळी त्याच्या गाडीत काळा चष्मा लावलेला एक माणूस बसला होता. त्याला विचारलं तर म्हणतो, "समुद्राकाठी रिसॉर्ट टाकतो, मावशी." मी कोणाची मावशी?

कलम २. म्हणून स्पष्ट लिहिते. दापोलीच्या खाली समुद्राकाठी खारवाडी येथे माझ्या नावावर तीन गुंठे जागा व त्यावर घर आहे. ते माझी मुलगी मनिषा नागेश देवकाते हिला पूर्ण मालकीने द्यावं. त्यात लखनचा, त्याच्या बायकोचा वा काळ्या चष्म्याचा काही संबंध नाही. मनिषा तिथे खानावळ चालवते आणि दोन खोल्या पर्यटकांना देते. खोल्या गळतात, म्हणून माणसं एका रात्रीत निघून जातात. छप्पर नीट झालं नाही तर तिला ते घर सोडावं लागेल, आणि लखन तेवढ्यावरच टपून आहे.

कलम ३. ते घर कसं आलं तेही लिहिते, नाहीतर उद्या कोणी काहीही सांगेल. आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की आम्ही घाट उतरून कोकणात जायचो, लोकांच्या भाताच्या खाचरात मेंढरं बसवायचो, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचो आणि जेठ लागायच्या आत परत घाट चढायचो. पंचेचाळीस वर्षं मी हे केलं. ज्याच्या खाचरात वीस वर्षं बसलो त्या शेतकऱ्याने ही जागा आम्हाला रीतसर खरेदीखताने दिली. मनिषा आणि तिचा नवरा नागेश, पणदऱ्याचा, एका वर्षी तिथेच राहिले. जेठात घाट न चढलेली आमच्यातली ती पहिली माणसं. मला ते तेव्हाच खटकलं होतं. मेंढरं सोडून माणूस समुद्राकाठी कशाला थांबेल, काहीतरी डाव असणार, असं मी म्हणाले होते.

कलम ४. त्यांच्या घराला पत्रे मी घेऊन दिले. बारामतीहून एकाच गाडीत चव्वेचाळीस साधे जस्ताचे पत्रे आणले. बावीस सणसरच्या गोठ्याला आणि बावीस खारवाडीला. नागेश तेव्हा म्हणाला होता, "आत्या, हितं लोकं कौलं घालत्यात. वानरं फोडत्यात, तरी कौलंच घालत्यात." मी म्हणाले, "कोकण मला शिकवू नकोस, तू जन्मायच्या आधीपासून मी हितं मेंढरं चारलीत." शिवाय रस्त्यात ड्रायव्हर पत्रे बदलेल, या संशयाने मी प्रत्येक पत्र्याच्या आतल्या अंगाला आमच्या मेंढरांच्या पाठीवरची खूण काढली. लाल ऑइलपेंटच्या दोन आडव्या रेघा आणि खाली टिकला.

पुढे माझं मेंढरांमागं हिंडणं सुटलं. चार वर्षांनी दिवाळीनंतर गेले तर पत्र्यांची चाळण झालेली. खिळ्याच्या जागी रुपयाएवढी भोकं. आतून बघितलं तर एकाही पत्र्यावर खूण नाही. आणि त्याच गाडीतले पत्रे सणसरच्या गोठ्यावर आरशासारखे चकाकत होते! मग मी काय समजायचं? सगळ्या भावकीसमोर, मेंढरांच्या तळावर, मी नागेशला म्हणाले, "माझं पत्रं इकून खाल्लंस आन् भंगार घातलंस. चोर हायस तू." मनिषा म्हणाली, "आये, आता जा तू." त्याला अकरा वर्षं झाली. ती सणसरला आली नाही. तिने घरावर ताडपत्री टाकली आणि दर पावसाळ्याला नवी टाकत राहिली.

कलम ५. गेल्या वर्षीच्या वैशाखात माझा पुतण्या सिद्धू मेंढरं आणायला टेम्पो घेऊन निघाला, त्यात न सांगता बसले. माझे पत्रे नागेशने कोणाला विकले ते शोधून काढायचं, हे मनात होतं. खारवाडीत मनिषाने पाणी दिलं, कशाला आलीस असं विचारलं नाही. मी परसात हिंडले. तिथे कोंबड्यांच्या खुराड्यावर एक जुना, काळाकुट्ट पत्रा. पदराने काजळी घासली. लाल रेघ निघाली. आणखी घासली, दुसरी निघाली. मग टिकला.

तो पत्रा चुलीच्या वरचा होता. धुराने आणि उबेने कोरडा राहिला, म्हणून खूण राहिली. बाकीच्या एकवीस पत्र्यांना खारा वारा आतून लागला, रात्री त्यांना घाम सुटला, गंजाचे पापुद्रे पडले आणि रंग पापुद्र्याबरोबर गेला. पत्रे माझेच होते. कोकणात पंचेचाळीस वर्षं गेले, पण तिथला एकही पावसाळा मी पाहिलेला नाही. आभाळ भरायच्या आत मी घाट चढलेली असायचे. हे मला अकरा वर्षांत एकदाही सुचलं नाही.

मनिषा मागे उभी होती. म्हणाली, "पदराला काजळी लागली. दे, धुते." मी म्हणाले, "न्हाय, ऱ्हाऊ दे." आणि तशीच टेम्पोत बसले. माफी मागायची तर तोंड उघडलं नाही. लाज वाटली, दुसरं काय.

कलम ६. छप्पर कसलं घालावं, हे मी कोणा दुकानदाराच्या सांगण्यावरून ठरवलेलं नाही. दुकानदार जे खपत नाही तेच चांगलं सांगतो. त्याच वर्षी पावसाआधी मी सिद्धूबरोबर हातभर लांबीचे पाच तुकडे खारवाडीला पाठवले, समुद्राच्या अंगाला भिंतीवर बांधायला सांगितले आणि कोणाचे ते सांगू नको म्हणाले. मार्गशीर्षात तुकडे परत आले तेव्हा प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली होती. अक्षर मनिषाचं.

साधा पत्रा: "दुसऱ्या आठवड्यात कडा लाल." रंगीत पत्रा: "वर चांगला, कापलेल्या कडेला आणि स्क्रूपाशी फुगला." सिमेंटचा पत्रा: "आतून पाणी ठिबकतं, शेवाळ, कुबट वास." ॲल्युमिनियम: "टिकला, पण लोखंडी स्क्रू लागला तिथे पांढरी भुकटी." मंगलोरी कौल: "शेवाळ धरलं. बाकी काही नाही." खाली बारीक अक्षरात होतं: "वानराने एक फोडलं, हे दुसरं आहे." चार महिने पावसात जाऊन ती रोज बघत होती. कोणासाठी बघते ते तिला ठाऊक होतं.

तरी घरावर मंगलोरी कौल घालावं. उतार सणसरसारखा नको, कोकणातल्यासारखा उभा ठेवावा. वासे वाळलेल्या लाकडाचे असावेत, कोणी "वाळलंय" म्हणालं तर विश्वास न ठेवता एक वासा चिरून बघावा. खिळे, स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, आणि ते स्टीलचे आहेत की नुसते चकचकीत आहेत ते आधी मिठाच्या पाण्यात आठ दिवस ठेवून पाहावं. कौलाखाली वारा खेळायला जागा ठेवावी. वानरांसाठी दोनशे कौलं जास्तीची आणून परसात रचावीत. बँकेतली माझी ठेव यासाठीच आहे, आणि तिची पावती लखनकडे नाही.

कलम ७. काजळी लागलेलं ते लुगडं मी धुतलेलं नाही. हिरवं, बारीक काठाचं, ट्रंकेत तळाशी आहे. ते मनिषाला द्यावं. ज्या भावकीसमोर मी नागेशला चोर म्हणाले, तिला माझ्या तेराव्याला बोलवावं, लुगडं सगळ्यांना दाखवावं आणि कलम चार व पाच मोठ्याने वाचावं. वाचताना लखनने आवाज बारीक करू नये.

इथपर्यंत टाइप झाल्यावर ऋषिराजने यंत्र थांबवलं. म्हणाला, "आज्जी, तेराव्याला नागेशभाऊ तुमाला काय म्हनला, ते तुमाला कसं कळनार?" मी म्हणाले, "तू टाइप कर." तो म्हणाला, "करतो. पन हितं सही करू नका." कागद पिशवीत घालून मी घरी आले. तीन दिवस त्या पोराला शिव्या दिल्या. चौथ्या दिवशी ट्रंक उघडली.

पुरवणी. ही, आणि यंत्र थांबल्यानंतरचा वरचा मजकूर, खारवाडीत हाताने लिहिला आहे. अक्षर शेजारच्या श्रेयाचं, ती शाळेत शिकवते. मनिषाला लिहू दिलं नाही, कारण उद्या लखनचा वकील म्हणेल तिने लिहवून घेतलं.

आषाढ चालू आहे. मी इथे येऊन नऊ दिवस झाले. असा पाऊस मी जन्मात पाहिला नव्हता. मीठ डब्यात पाणी होतं, काडेपेटी चुलीपाशी ठेवली तरच पेटते, आणि ताडपत्रीचा आवाज एवढा की शेजारी बोललेलं ऐकू येत नाही. अशी अकरा वर्षं माझ्या लेकीने काढली.

कलम ७ मधला तेराव्याचा भाग रद्द. सिद्धूला सांगून भावकीतली जी चार माणसं येऊ शकली ती बोलावली. आज दुपारी ओसरीवर त्यांच्यासमोर लुगडं पसरून मी कलम चार आणि पाच श्रेयाकडून वाचून घेतलं. मग नागेशला मी स्वतः म्हणाले, "तू चोर न्हाईस. चुकी माजी हाय." मनिषा दारात रडत होती. नागेश उठला, माझ्या डोक्याच्या वर छपराकडे बघितलं आणि म्हणाला, "आत्या, जरा हिकडं सरका. तितं गळतंय."

मी सरकले. कौलं दिवाळीनंतर चढतील. तोवर मी इथेच आहे. मध्येच डोळे मिटले, तर वरीलप्रमाणे करावं.

हे सर्व मला वाचून दाखवलं, ते बरोबर आहे. दोन्ही साक्षीदार समोर असताना मी सही केली आणि मी बघत असताना त्यांनी केली.

सही: चंद्राबाई तात्याबा मारकड
साक्षीदार: १. मुक्ताबाई गोविंद घाग, खारवाडी. २. श्रेया महेश घाग, खारवाडी.
स्थळ: इंदापूर (खोडले) खारवाडी
दिनांक: ८ जुलै २०२५