बैलाने न मारलेलं शिंग

ता. ४ फेब्रुवारी

ति. दाजींस सा. न.,

पाकिटावर मुद्दाम फक्त तुमचं नाव घातलंय, ताईच्या हाती लागू देऊ नका. फोनच केला असता, पण खोलीत आम्ही आठ जण, आणि सगळ्यांचे कान माझ्याकडे.

मी बरा आहे. काम तेच, उंच इमारतींना बाहेरून दोरावर लटकायचं, काचा पुसायच्या, सांध्यांत रबर भरायचं. आमचा मुकादम म्हणतो, तुझ्यासारखी भिंगरी जमिनीवर ठेवण्यात अर्थच नाही.

आता मुद्द्याचं. लटकताना पट्टा मांड्यांमधून घट्ट आवळावा लागतो. त्याने माझ्या उजव्या गोळीला गाठ आलीय. दुखत अजिबात नाही. नुसती कडक लागते. आधी शेंगदाण्याएवढी होती, आता गोटीएवढी आहे, आणि संध्याकाळी त्या बाजूला जड जड वाटतं. म्हणून पट्टा जरा सैल केला, तर मुकादमाने सगळ्यांदेखत शिव्या घातल्या. म्हणाला, पडलास तर तुझी फक्त टोपी ओळखू येईल.

कंपनीच्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरने विचारलं, तिथं पूर्वी काही लागलं होतं का. म्हटलं, लहानपणी बैलाने शिंग घातलंय, जांघेत खूण आहे. मग तो म्हणाला, जुना मार आणि वर हा पट्टा, सूज उतरायच्या गोळ्या घे. त्याने पँट काढायला सांगितलं नाही आणि मी काय आपणहून काढतोय! औषध संपलं, गाठ जागच्या जागी. तुमच्याकडे पंप दुरुस्तीला सतरा माणसं येतात, कुणाला असं झालं असेल तर काय लावलं ते विचारून कळवा.

चष्मेवालीच्या घरी लग्नाचं बोलणं कुठवर आलं? काही नसताना तिच्या दुकानात तीनदा डोळे तपासून घेतले मी. त्याचं काहीतरी चीज व्हायला हवं.

लोभ ताईबरोबर वाटून घेऊ नका, या वेळी सगळा मलाच ठेवा.

तुमचा मेहुणा


ता. १२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद आणि एक थोबाडीत,

या घरात पत्र कुणाच्याही नावाने येवो, फोडते मी. तुझ्या दाजींनी हातातून ओढून घ्यायला पाहिलं, एवढं त्यांच्या बाजूने सांगते.

आता नीट वाच. तुला बैलाने कधीही मारलेलं नाही. अरे, आपल्याकडे बैल होता कधी? तुझी उजवी गोळी जन्मापासून पोटातच राहिली होती, खाली उतरलीच नव्हती. तू पाच वर्षांचा असताना ऑपरेशन करून ती खाली आणून बसवली. त्याची ती खूण. पोरं चिडवतील, पुढे लग्नात अडेल, अशी आईला धास्ती. म्हणून तिने तो बैल उभा केला. तू तर दरवर्षी त्याला थोडा मोठा करत गेलास. शाळेत चड्डी सरकवून खूण दाखवायचास आणि आम्ही गप्प बसायचो. आई गेल्यावर मीही तो बैल तसाच ठेवला, कारण तुझी सगळी ऐट त्यात होती.

तुझं पत्र घेऊन मी तडक आपल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, ज्यांची गोळी अशी वर राहिलेली असते त्यांना पुढे तिथं कॅन्सर व्हायचा धोका जास्त असतो, ऑपरेशन झालेलं असलं तरी. आणि हा म्हातारपणाचा आजार नाही, तुझ्यासारख्या तरण्या पोरांनाच गाठतो. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही, बहुतेकांना दुखतच नाही. पट्ट्याने अशी कडक गाठ येत नाही. दुसरंही काही असू शकेल, पण सोनोग्राफीशिवाय कळणार नाही. वेळेत सापडला तर बहुतेक जण खडखडीत बरे होतात.

मोठ्या दवाखान्यात जा, मूत्रविकारांच्या डॉक्टरांना दाखव. त्यांच्यापुढे बैलाचं नाव काढलंस तर याद राख. आणि पट्टा घट्ट बांध.

माझा लोभ तुला ठाऊक आहे. या वेळी त्यात भीतीही आहे, तेव्हा उत्तराला उशीर लावू नकोस.

तुझी ताई


ता. २१ फेब्रुवारी

ति. ताईस सा. न.,

दोन दिवस तुझ्या नावाने नुसता धुमसत होतो. परवाच नव्या पोरांना त्या शिंगाची लांबी हात पसरून दाखवली होती मी!

मग गेलो. पहिल्या दिवशी फाटकापासूनच परतलो, दुसऱ्या दिवशी आत शिरलो. सोनोग्राफीवाली बाई तुझ्याच वयाची. आधी गाव कुठलं, काम काय, असं विचारत होती. मग पडद्याकडे बघता बघता बोलायचीच थांबली.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. म्हणाले, अख्खी गोळी काढावी लागेल, तीही जांघेतून. सुई घालून तुकडा घेत नाहीत, त्याने पसरायची भीती असते. काढून झाल्यावर मगच नक्की काय ते तपासतात. रक्त घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं, पुढे मुलं हवी असतील तर आधी बीज साठवून ठेवायचं का. मी मोठ्याने हसलो. दुसरं कुणीच हसलं नाही.

सही न करताच बाहेर पडलो आणि बूट चावेपर्यंत चालत राहिलो. खोलीत बसवत नाही, दोरावर मन लागत नाही. ताई, अर्धा माणूस होऊन घरी यायचं का मी? चष्मेवालीच्या घरी एक अक्षर बोलू नकोस. हवं तर त्यांच्यासाठी आणखी एक बैल उभा कर.

राग गेलेला नाही, पण लोभ तेवढा चालू ठेव.

भिंगरी


ता. २ मार्च

चि. मेहुण्यास आशीर्वाद,

तुझी ताई लिहायला बसते आणि कागद भिजवून ठेवते, म्हणून आज मी. माझं अक्षर गोड मानून घे.

अर्धा माणूस काय रे? तुझ्या ताईने मला होकार दिला तेव्हा काही मोजून घेतलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, दुसरी चांगली असली की एकीवर सगळं भागतं, दाढीमिशी आणि बहुतेकांना पोरंबाळंसुद्धा. तरी बीज साठवून ठेव म्हणाल्या, पुढचं कुणी सांगावं.

आता रागावायचं तर ऐकून घेऊन रागाव. ताई चष्म्याच्या दुकानात गेली आणि तिने त्या मुलीला सगळं सांगून टाकलं. मला म्हणाली, या घरात आता बैल नको. मुलीने ऐकून घेतलं, एकच काच बराच वेळ पुसत राहिली आणि मग विचारलं, गाठ कळल्यावर तो आपणहून गेला की ढकलावा लागला? ताईने खरं ते सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, आजाराचं मला भय नाही, पळणाऱ्या माणसाचं आहे. तिच्या वडिलांना रात्रीतून चारचारदा लघवीला उठावं लागायचं, धार अडायची. वय झालं म्हणून तेही लपवत राहिले. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरल्यावर घरात कळलं. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

सही कर. लोभ माझ्याकडे भरपूर शिल्लक आहे, तो न्यायला तू मात्र धडधाकट ये.

तुझे दाजी


ता. २४ मार्च

ति. ताई आणि दाजींस सा. न.,

झालं एकदाचं. सही केली, बीजही साठवलं. ती कथा दाजींना समक्षच सांगेन. ऑपरेशनच्या दिवशी नातेवाईक म्हणून मुकादम आला. बाहेर बसून त्याने सबंध दवाखान्याला मी दोरावर उलटा कसा लटकतो ते सांगितलं म्हणे.

तपासणीत कॅन्सरच निघाला. पण गोळीच्या आतच होता. पोटाचा आणि छातीचा फोटो साफ आला. डॉक्टर म्हणाले, आता दोन वाटा आहेत, एकतर कॅन्सरची औषधं शिरेतून घ्यायची, नाहीतर नुसतं लक्ष ठेवायचं. मी लक्ष ठेवायचं घेतलं. म्हणजे दर थोड्या महिन्यांनी रक्त आणि फोटो, काही वर्षं.

इतकी वर्षं एका जागी बांधून राहायचं? आत्ताच दोरावर जायला मनाई आहे, गोदामात बसून दोऱ्या गुंडाळतो आणि भिंतीला टकरा द्याव्याशा वाटतात. मे महिन्यात एक टोळी लांब डोंगरात मनोरे रंगवायला निघालीय. तिथं ना फोन ना दवाखाना. मी नाव दिलंय. पहिली तपासणी त्यातच येते, पण मला आता काहीच होत नाही. तोवर हलकं काम करीन.

लोभ पाठवायचा तर डोंगराच्या पत्त्यावर पाठवा.

भिंगरी


ता. ३ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद,

एकदा ढकललं, आता माझे हात भरून आलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेवढंच कळवते. तो परत आला तर तुला आधी काहीच जाणवणार नाही, रक्तात आणि फोटोत आधी दिसेल. वेळेवर दिसला तर तेव्हाही इलाज आहे. डोंगरात कोण बघणार?

चष्मेवाली तुझी चौकशी करत आली होती. मनोऱ्यांचंही मी लपवलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि चहा तसाच ठेवून गेली.

जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. लोभ मात्र दोन्हीकडे सारखाच पोचेल.

ताई


ता. १८ मे

ति. ताई आणि दाजींस सा. न.,

दवाखान्याच्या बाकावर, मांडीवर कागद ठेवून लिहितोय, म्हणून अक्षर नाचतंय. शिवाय पाय थांबत नाही. शेजारचे आजोबा दोनदा म्हणाले, पोरा, बाक हलतोय.

टोळी सकाळी गेली. ट्रक बराच वेळ खोलीखाली भोंगा वाजवत होता. माझी पिशवी भरलेली होती, बूटही घातले होते. तरी खाली उतरून मी ट्रकच्या बाजूला गेलो नाही, इकडे चालत आलो. कुणी ढकललं नाही.

समोर माझ्याच वयाचा एक जण मघापासून उठबस करतोय. त्याने हळूच विचारलं, फार दुखतं का. म्हटलं, फाटकापासून आतपर्यंत चालणं सगळ्यात अवघड, पुढचं जमतं. तो आता बसलाय.

रक्त देऊन झालं, फोटो व्हायचाय, निकाल उद्या. काय येईल माहीत नाही. भीती वाटते, ताई, खोटं कशाला सांगू.

चष्मेवालीला तुम्ही दोघं काही सांगू नका. चांगला येवो की वाईट, उद्या मीच तिला लिहीन. दुकानाचा पत्ता तेवढा नीट लिहून पाठवा. माझ्या नावाचा पुकारा झाला, उठतो. लोभ धरून ठेवा, मी आत जातोय.

तुमचा
भिंगरी