कुरडयांच्या राखणीला बसवलेला नातू

विहीणबाई, आधी भांडण घ्या, नमस्कार मागनं येतोय. तुमचा धवल काल भर दुपारी गाडी घेऊन आला, दोन्ही पोरं उचलली आन चहासुदिक न घेता गेला. जावई कोरड्या तोंडानं उंबऱ्यातनं परत गेला, असं माझ्या सासूच्या राज्यातपण झालं न्हवतं, आन ती बाई तर पाहुण्याला गूळ चिमटीनं द्यायची. बरं, शिव्या तरी द्याव्यात! दिल्या असत्या तर मीबी चार परत केल्या असत्या आन विषय मिटला असता. पण न्हाई. वाकून पाया पडला, "येतो आई" म्हणाला, आन गाडीच्या काचांना काळे पडदे लावून पोरं घेऊन गेला. इतक्या सभ्य माणसाशी भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं न्हाई.

आता नमस्कार. सौ. शकुंतलाबाई, मुक्काम विश्रामबाग, सांगली, यांना साळूबाईचा हात जोडून नमस्कार. तुमचे गुडघे कसे हायेत? व्याह्यांची साखर उतरली का? इकडं आमी सगळे खुशाल, हे लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं; खुशाल कुणीच न्हाई. मी तिसरीतनं शाळा सोडली, तवा ऱ्हस्वदीर्घ तुमचं तुमी लावून घ्या (तुमी मास्तरीण व्हता, हात चालता राहील). फोन का केला न्हाई म्हणाल, तर अंकिता माझा फोन उचलत न्हाई, आन तुमचा फोन आधी व्याही घेतात, ते हवापाण्याच्या पुढं जात न्हाईत. आवाजाचा निरोप धाडायची मला भीती वाटते. मागं एक धाडला तो अख्ख्या भावकीच्या ग्रुपावर गेला, आन त्यात मी भावकीबद्दलच बोलले व्हते. म्हणून हे पत्र. कृष्णात हळद घेऊन सांगलीच्या बाजाराला येतोय, त्याच्या हाती देते. (कृष्णात म्हंजे माझा धाकटा. लग्नात तुमच्या आचाऱ्याकडनं तिसऱ्यांदा जिलबी मागून घेतली, तो.)

तर मुळापासनं सांगते. हा रंग तुमच्या घरचा, विहीणबाई. आमच्याकडं माणूस आईच्या पोटातनंच उन्हाची तयारी करून येतो. तुमचा धवल गोरा, घारा, आन पोरं त्याच्याहून एक हात पुढं. त्यात ती राहतात स्कॉटलंडात. तिथं सूर्य म्हणे पाहुण्यागत कवातरी येतो, चहा पितो आन जातो (म्हंजे तुमच्या पोरापेक्षा बरा म्हणायचा). यंदा रजा काढून सगळी तुमच्याकडं सांगलीला आली, आन असल्या कातड्याची पोरं तुमी मे महिन्यात आमच्याकडं धाडलीत, बरोबर पिशवी दिलीत. टोप्या, लांब बाह्यांचे पांढरे सदरे आन पांढऱ्या मलमाची ट्यूब. फोनवर सांगितलंत, दहा ते चार पोरं बाहेर काढायची न्हाईत, मलम सारखं लावत राहायचं. मी व्हय व्हय म्हणाले. मनात म्हणाले, पोरं हायेत का लोण्याचे गोळे? माझी अंकिता उसाच्या बांधावर झोळीत वाढली, तिला कुणी कवा मलम लावलं?

तरी पहिल्या दिवशी लावलं. थोरला जयराज असा दिसायला लागला, जसा पिठाच्या डब्यात पडलेला उंदीर. आळीतली पोरं हसत त्याच्या मागनं फिरली. तो रडला न्हाई, पण जेवला कमी. म्हणून मी ती ट्यूब मोरीच्या फळीवर ठेवली. तिथनं ती आमच्या मालकांनी, तात्याबांनी घेतली आन दाढीला लावली. दोन दिवस ब्रश घासत व्हते, फेस येत न्हाई म्हणून दुकानदाराच्या नावानं बोंबलत व्हते. आता ह्या घरात उन्हापासनं राखलेले असे तेवढे तात्याबांचे गाल हायेत.

मग आला शनिवार. शनिवारी आमच्याकडं पोरांना अंगभर तेल चोळायचं, ते मुरेपर्यंत उन्हाला बसवायचं, मग न्हाऊ घालायचं. ही काय मी काढलेली रीत न्हाई, माझ्या आजीपासनंची हाय. जयराजला चांगलं भुईमुगाचं तेल चोळलं. त्याआधी सदरा काढला. का काढला? तुमचा सदरा पांढराशुभ्र. तेलाचा डाग पडला असता तर तुमी म्हणाला असता, खेड्यात धाडलं आन वाट लावली. म्हणून काढून खुंटीला लावला. (सदऱ्याला काही झालेलं न्हाई. धुऊन, घडी घालून कृष्णातबरोबर धाडलाय.) त्याच दिवशी गच्चीवर कुरडया घातल्या व्हत्या. कावळे हाकायला कुणीतरी पायजे व्हतं. पोरगं म्हणालं, "आजी, मी बसू?" मी खाट उभी केली, तिच्या सावलीत त्याला बसवला, हातात काठी दिली आन म्हणाले, जाग्यावरनं हलायचं न्हाई. मग जरा खाली गेले, शेजारची पारूबाई आली व्हती.

आता सावली सरकती, हे काय मला ठाऊक न्हाई? जन्म गेला सावलीवर वेळ ओळखण्यात. पण सावली सरकली आन पोरगं सरकलं न्हाई. हे तुमच्या घरचं वळण, विहीणबाई. सांगितलं की सांगितलं. आमच्या वळणाचं असतं तर कवाच पळून आंब्यावर चढलं असतं, कुरडया कावळ्यांनी नेल्या असत्या आन पोरगं वाचलं असतं.

दिवेलागणीला त्याला थंडी वाजायला लागली. मे महिन्यात! सदरा वर करून पाठ बघितली. जास्वंदीवानी लाल, आन हात ठेवला तर तवा. साक्षी म्हणाली, "आजी, दादा आतून पेटलाय का?" पाच वर्षांचं पोर, पण नेमका शब्द काढला. तात्याबा खाटेवरनं म्हणाले, "अगं, उन्हानं पोळलंय ते. आमच्या पलटणीत एक पहाडी पोरगा व्हता, जैसलमेरला त्याची पाठ—" मी म्हणाले, तुमी गप बसा आन फेस काढा. मला वाटलं, दृष्टच. पारूबाई दुपारीच म्हणाली व्हती, "काय गं गोरं पोर, जसा खवा!" मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. दृष्ट असंल तर मिरचीचा ठसका येत न्हाई, हे तुमाला माहीत असंलच. अख्खं घर खोकलं. पारूबाईचं घर खोकलं. गोठ्यातली म्हैस खोकली. म्हंजे दृष्ट न्हवती.

तेवढ्यात दिव्याच्या उजेडात पाठीवर बारीक बारीक फोड दिसले. ताप आन अंगावर फोड. मग मी काय समजायचं? बाया आल्या. (तुमी शहरात त्याला गोवर म्हणता, कांजिण्या म्हणता.) लगेच दाराला लिंबाचा पाला बांधला, पोराखाली पाला अंथरला, घरात फोडणी बंद, विळी-चाकू बंद, मोठ्यानं बोलणं बंद, तात्याबांची दाढी बंद. तुमी हसाल. हसा. पण माझ्या थोरल्या जावेचं लेकरू असंच तापात गेलं, असल्याच पाल्यावर, आन ते माझ्या मांडीवर व्हतं. एवढंच लिहिते, जास्त लिहायचं काम न्हाई. त्या रात्री मी कुणाकुणाला काय काय बोलले ते त्या देवांनाच ठाऊक. सगळ्यांचे नवस मिळून मला सात जन्म मोकळीक न्हाई.

सकाळी कृष्णातनं त्याला उचलला, मी वरनं छत्री धरली, छत्रीवर गोणपाट टाकलं आन रहिमतपूरला नेला. डॉक्टर तरणा, तुमच्या धवलच्या वयाचा. पाठ बघितली, एक बोट लावून वास घेतला आन म्हणाला, "आजी, हे तेल कसलं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "गोवर न्हाई. तेल लावून उन्हात ठेवलंत. तळलंय तुमी पोराला." मी म्हणाले, एवढ्या तेलात आमी तळण काढत न्हाई, आमाला महाग पडतं. तो हसला न्हाई. म्हणाला, ताप उतरला न्हाई, फोड मोठे झाले, तर साताऱ्याला न्यावं लागंल. साताऱ्याचं नाव काढलं आन मी मागं बाक हाय का बघितलं. बाकावर बसले ती कृष्णातनं हाताला धरून उठवली. मी बसलेली जागा पुसायला नर्स आली, एवढा घाम.

तेव्हापासनं विहीणबाई, मला उन्हाचं भ्या वाटतं. जन्मभर ज्याच्या डोळ्यादेखत खुरपलं, भांगललं, बाळंत झाले, तो सूर्य आता दारात उभा राहून पोरावर टपलाय असं वाटायचं. खिडक्यांना पोती लावली. कौलातनं एक कवडसा घरात यायचा, तो सरकंल तसं पोराचं अंथरूण सरकवत मी दिवसभर त्याच्याबरोबर चालले. परसात जायचं तर छत्री, छत्रीवर गोणपाट, पुढं मी, मागं कृष्णात, जसं काय राजाची स्वारी निघाली. पोरगं म्हणालं, "आजी, मला काही दिसत नाही." मी म्हणाले, तुला दिसायचं न्हाई, तू त्याला दिसायचा न्हाईस.

ताप उतरला. पण दाराचा लिंब मी काढला न्हाई. डॉक्टर बरोबर असंल, पण बायाबी बरोबर असल्या तर? मला त्या टायमाला कुणालाच दुखवायचं न्हवतं. तिथंच घात झाला. आपली आरोग्य खात्याची आशाताई, पूजा तिचं नाव, दारावरनं जाताना पाला बघून आत आली, "काकू, गोवर हाय का? कळवावं लागतं." मी म्हणाले, न्हाई. "मग पाला कशाला?" मी म्हणाले, शोभेला. ही पूजा अंकिताच्या वर्गातली. अर्ध्या तासात अंकिताचा फोन, "आई, घरात गोवर आहे?" मी म्हणाले, छे, पोरं मजेत हायेत. खोटं बोलले. भीतीनं बोलले. ती म्हणाली, तोंड दाखव त्यांचं. तर साक्षीनं फोन घेतला आन हातात काय धरलं व्हतं? जयराजच्या पाठीचं निघालेलं सालपट. काड्याच्या पेटीत जपून ठेवलं व्हतं, तिकडच्या शाळेतल्या बाईंना दाखवायला. ते तिनं फोनसमोर धरलं आन म्हणाली, "मम्मा, दादाचं कव्हर निघालं!" अंकितानं एक शब्द काढला न्हाई. फोन बंद. दुसऱ्या दुपारी धवल दारात.

निघताना मी पोराच्या पाठीवरनं हात फिरवायला गेले. तो बाजूला सरला. म्हणाला, "हात नको आजी." रागानं न्हाई, दुखतंय म्हणून. मी हात पदरात घेतला. पुढं काय लिहू? अंकिता माझी लेक हाय. ती भांडली असती तर मी निवांत झोपले असते. ती गप बसली म्हंजे ते कायमचं असतं, हे ती माझ्याकडनंच शिकलीय. पुढच्या वर्षी पोरं थेट सांगलीला उतरतील, तुमच्या थंड हवेच्या खोलीत बसतील, आन मी फोनवर त्यांचे दात किती पडले ते मोजत बसंन. ह्याचं मला त्या तापापेक्षा भ्या वाटतंय. व्याह्यांना नमस्कार, साक्षीला मुका.

तुमची,
साळूबाई

ता. क. कुरडया धाडल्यात. कावळ्यानं एकबी नेली न्हाई. जयराजला आधी तळून द्या, मग तुमी खा.

ता. क. दुसरा. आता खरं काम. सुट्टी अजून आठ दिवस हाय. पोरं परत धाडा. कृष्णातनं रोपवाटिकेतली हिरवी जाळी आणून अख्ख्या अंगणावर ताणलीय, खाली कोंबड्यासुदिक हिरव्या दिसतात. तेल कुलपात हाय, किल्ली कृष्णातकडं. ट्यूबा दोन आणा, एकीवर तात्याबांना वाचता येईल असं मोठं लिहा. आन विहीणबाई, तुमीच बरोबर या. तुमचं आन माझं कवा पटलं न्हाई, पुढंबी पटणार न्हाई. पण तुमी इथं असाल तर अंकिता पोरं सोडंल. मला दिवसभर काय सांगायचं ते सांगा, मी उलट बोलणार न्हाई. (पहिले दोन दिवस तरी.) माझ्यावर माझाच भरवसा उरला न्हाई, म्हणून तुमच्यावर ठेवावा लागतोय.

ता. क. तिसरा. वर "जरा खाली गेले" लिहिलंय, ते खोडायचं राहिलं. जरा न्हवतं. पारूबाईच्या कोंबडीवरनं भांडण लागलं व्हतं आन मी जिंकत व्हते. मधनं उठवंना. हे अंकिताला सांगायचं का न्हाई ते तुमी ठरवा. मी सांगू शकत न्हाई.

ता. क. शेवटचा. उत्तर तुमी लिहायचं न्हाई, धवलनं न्हाई, अंकितानं तर न्हाईच. जयराजनं लिहायचं. मराठी न जमलं तर इंग्रजीत, मी शाळेतल्या मास्तरकडनं वाचून घेईन. यायचं हाय का न्हाई, एवढंच. न्हाई असंल तर न्हाई लिहू दे, तुमी कुणी शेजारी उभं राहून त्याला बदलायला लावायचं न्हाई. कृष्णातला सांगून ठेवलंय, हळद विकली न्हाई तरी चालंल, पोरानं लिहिल्याबिगर सांगली सोडायची न्हाई.