सतराव्या दृश्यातला भाऊ

॥ श्री ॥
सेलू,
४ एप्रिल १९७९

चि. सौ. कोकिळा हीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

दिवाळीनंतर तुला एकही पत्र लिहिले नाही, याची आधी माफी मागतो. रोजनिशीत दर रविवारी 'कोकिळेस पत्र' असे लिहिले आहे आणि दर सोमवारी ते खोडले आहे. म्हणजे आळस तरी नियमाने केला.

बातमी अशी, की पुण्याच्या एका निर्मात्यांना माझी सिनेमाची गोष्ट आवडली. संवाद आवडले नाहीत. तुमची माणसे कचेरीच्या परिपत्रकासारखी बोलतात, असे त्यांनी कळवले आहे. एवढी वर्षे कारकुनी केल्यावर दुसरे काय होणार! सुधारलेली पटकथा पंधरा जूनपर्यंत पोचली तर ते विचार करतील, नाही तर दुसऱ्याची गोष्ट घेतील. आधीच्या दोन पटकथा साभार परत आल्या. मी चव्वेचाळीस वर्षांचा झालो. ही तिसरीही परत आली तर लिहिणे बंद, असे ठरवले आहे. तुझी वहिनी म्हणते की असे तर तुम्ही तंबाखूबद्दलही ठरवले होते.

वही एसटीने पाठवतो. उजव्या पानावर मी लिहिले आहे, डावे पान तुझ्यासाठी कोरे. गोष्ट तुला ओळखीची वाटेल. मुलीला मॅट्रिकनंतर कॉलेजात जायचे असते. वडील नाही म्हणतात. सतराव्या दृश्यात मोठा भाऊ वडिलांपुढे उभा राहून तिची बाजू मांडतो आणि ती शिकायला जाते. निर्दयपणे वाच. अगदीच निर्दयपणे नको.

तुझा लोभ आहे म्हणूनच हे काम सांगतो, इतकेच.
प्रभाकर


अल्लीपूर,
१६ एप्रिल

ती. भाऊंना कोकिळेचा नमस्कार, वि. वि.

वही मिळाली. बबनराव कंडक्टरनं वाटेत चार पानं वाचली होती. हिरॉईनचं लग्न लवकर लावा, असा त्याचा निरोप आहे.

एकटी वाचायला बसले तर सगळंच छान वाटू लागलं, कारण लिहिणारा माझा भाऊ. म्हणून वही बायांत नेली. सध्या आमच्या ओसरीवर सरगुंडे चालू आहेत. दहा बाया कणीक बारीक ओढून काडीवर गुंडाळत बसतात. मी वाचते आणि त्यांच्या हातांकडे बघते. तोंडानं त्या कौतुकच करणार, चहा माझ्याकडचा असतो. हाताला ते जमत नाही. गोष्ट पकडली की हात आपोआप थांबतो. तिथं मी डाव्या पानावर टिंब दिलं, हात चालू राहिला तिथं फुली. पहिल्या सोळा दृश्यांत टिंबं तीन. त्यातलं एक शकुबाईला मुंगी चावली म्हणून, ते वजा करा.

या शकुबाई आमच्या शेजारच्या, सत्तरीच्या. त्यांनी विचारलं की पोरीची माय नवऱ्याले 'आपण भोजनास यावे' असं काऊन म्हणून राह्यली, तो का गव्हर्नर आहे? तिनं नुसतं ताट आपटावं, तो येते बरोबर. माझी जाऊ मंदा म्हणाली की बापाला एखादी खोड पाहिजे, नुसता रागावून राह्यला तर तो मानूस वाटत नाई.

सतराव्या दृश्याला दहाच्या दहा फुल्या. शकुबाई तर मधेच उठून वाळवण उलटवायला गेल्या. का, ते मी विचारलं नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, टिंबं वाढवा.
कोकिळा


सेलू,
२८ एप्रिल

चि. सौ. कोकिळा हीस आशीर्वाद, वि. वि.

फुल्या दोनदा मोजल्या. दुसऱ्यांदा एक जास्तच भरली.

पण मी सगळ्या सूचना मनापासून पाळल्या आहेत. आई आता सहा ठिकाणी ताट आपटते. वडिलांना तपकिरीची खोड दिली. मंदाला एवढ्याने माणूस दिसेल की नाही अशी शंका आल्यामुळे उचकीही दिली, आणि हाताशी असावी म्हणून एक बकरी. कंडक्टरचे मन मोडवेना, तेव्हा हिरॉईनच्या मैत्रिणीचे लग्न पाचव्या दृश्यातच उरकले.

रोज कचेरीत जाण्याआधी अर्धा तास बाजारात उभा राहतो आणि लोक बोलतात तसे उतरवून घेतो. काल एका भाजीवालीने विचारले की तुमी वजनमाप तपासनारे हा का? मी नाही म्हटले, तर तिने भाव वाढवला.

सतराव्या दृश्यातले भावाचे भाषण आता तीन पानांचे झाले आहे. वाचताना माझे मलाच भरून आले. तुझ्या वहिनीला, शोभाला, वाचून दाखवले. एवढा वेळ बाप उठून शेतात का गेला नाही, एवढेच तिला कळले नाही म्हणाली.

वही पुन्हा बायांत ने. शकुबाईंना माझा दंडवत सांग आणि मुंग्यांचा बंदोबस्त कर.
प्रभाकर


अल्लीपूर,
९ मे

ती. भाऊंना नमस्कार, वि. वि.

सांगितलं ते सगळंच करायचं असतं का हो? सहाव्यांदा ताट आपटलं तेव्हा शकुबाई म्हणाल्या की या घरात एक भांडं धड राह्यलं नाई, पोरीच्या लग्नात जेवाले पत्रावळीच लागन. उचकी काढा. बकरी राहू द्या, तिला टिंब मिळालं. कुठं चुकतंय ते बायांना बरोबर कळतं. दुरुस्ती मात्र तुम्ही तुमची करा, त्यांची नको.

बाजारातली बोलणी फार चांगली उतरली. तिथं हात चार वेळा थांबले, आणि या वेळी मुंगी नव्हती.

तुमच्या तीन पानी भाषणात मंदाला डुलकी लागली. शकुबाईंनी सगळ्यांना विचारलं की बापापुढं असा बोलनारा भाऊ तुमच्यापैकी कोनं पाह्यला? सगळ्या नाही म्हणाल्या आणि मग माझ्याकडं बघू लागल्या, कारण लिहिणारा कोण ते त्यांना ठाऊक आहे. मी मान खाली घालून काडी फिरवत राहिले.

भाऊ, आपले अण्णाजी मला कॉलेजला नाही म्हणाले त्या दुपारी तुम्ही अंगणातच होता. काय करत होता, ते मी लिहिणार नाही. सतराव्या दृश्यासमोरचं डावं पान कोरंच परत पाठवते.

प्रकृतीला जपा.
कोकिळा


सेलू,
२० मे

चि. कोकिळा हीस,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, रीत म्हणून घे.

१९५७ सालची रोजनिशी काढली. मी रोजनिशीत काही लपवत नाही असा मला अभिमान होता. अपचनसुद्धा तारीखवार लिहिले आहे. त्या दिवशीची नोंद अशी: 'ऊन फार. सायकलचे पंक्चर काढले.' बस. अण्णाजी तुला ओसरीवर नाही म्हणाले, हे त्यात नाही. मी त्या वर्षी बी. ए. झालो होतो, म्हणून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, हे तर मुळीच नाही. मी तोंड उघडले असते तर कदाचित त्यांनी ऐकले असते. बावीस वर्षांनी मी ते सगळे तीन पाने बोलून घेतले, आणि वर तुझ्याकडे टिंबे मागितली.

सतरावे दृश्य पुन्हा लिहिले. भाऊ घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब बुडवतो. बुडबुडे येतात, भोक सापडते, तरी तो बुडवतच राहतो. वडील त्याच्याकडे पाहतात आणि उठून जातात. मुलगी दाराआड रडते. संवाद नाही. अर्धे पान झाले. मुलगी आता कॉलेजात कशी जाणार, हे मलाच ठाऊक नाही.

हे पडद्यावर गेले तर गावाला कळेल. अण्णाजी आता नाहीत, पण तू आहेस. तू नको म्हणालीस तर पुण्याला काही पाठवणार नाही. पंधरा जून गेला तर जाऊ दे. माफी पत्रात मागावी की समोर येऊन, याचा दोन दिवस विचार केला. मग वाटले की हासुद्धा ट्यूब बुडवण्याचाच प्रकार आहे. म्हणून इथेच मागतो. कोकिळा, मी बोलायला हवे होते.

उत्तर लवकर दे. न दिलेस तरी माझी तक्रार नाही.
प्रभाकर


अल्लीपूर,
२ जून

ती. भाऊंना साष्टांग नमस्कार, वि. वि.

सतरावं वाचलं. दहाही जणींचे हात थांबले. शकुबाईंच्या काडीवरचं सरगुंड वाळून असं कडक झालं की काडी निघेना. ते मी तसंच फळीवर ठेवलंय, निर्मात्यांना पाहिजे तर पाठवू.

एक मात्र चूक आहे. मी रडत नव्हते. दुसऱ्या दिवशी तुम्ही नोकरीच्या मुलाखतीला वर्ध्याला निघालात, तर पुढच्या चाकात हवा नव्हती. बाभळीच्या काट्याला तुम्ही केवढ्या शिव्या दिल्या! काटा नव्हता, माझी गोधडीची सुई होती. एवढा उशीर होऊनही तुम्हाला नोकरी लागली, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं.

मग त्या पोरीनं काय केलं, असं मंदानं अगदी हळू विचारलं, म्हणून हे बायांना सांगितलं. शकुबाई हसता हसता ठसकल्या. म्हणाल्या की दोन्ही चाकांत काऊन नाई टोचली, सुई का मोडत होती?

खुशाल पाठवा. मुलगी कॉलेजात जात नाही, असंच राहू द्या. मात्र ती गप्प बसली असं कुणाला वाटायला नको. सुईचं अठरावं दृश्य मी डाव्या पानावर लिहिलंय, सात ओळी. परिपत्रक वाटलं तर सुधारा.

माफीचं म्हणाल तर अर्धी आत्ता देते, उरलेली सिनेमा लागल्यावर. मला बाल्कनीचं तिकीट लागेल.
कोकिळा


सेलू,
८ जून

चि. सौ. कोकिळा हीस मनापासून आशीर्वाद, वि. वि.

अठरावे दृश्य सुधारायला बसलो. दोन तासांत एक शब्द बदलला आणि मग तुझाच परत घातला. शोभाने ऐकताना विळी बाजूला ठेवली, भाजी तशीच राहिली. त्या नोकरीने मला एवढी वर्षे परिपत्रके लिहायला लावली, हे पाहता तू दोन्ही चाकांत टोचली असतीस तर बरे झाले असते.

ही पटकथा परत आली तरी लिहिणे बंद करणार नाही. ठराव मागे घेतला आहे. लिहायचे कसे ते आत्ता कुठे थोडे कळू लागले आहे, आणि ते मला एकट्याला कळलेले नाही.

आता एक कबुली. आज वर्ध्याला कार्बन घालून सगळे टाइप करून घेतले. शेवटी टंकलेखकाने विचारले की लेखक म्हणून तुमचे एकट्याचेच नाव टाकायचे ना? मी पेनाचे टोपण लावत होतो. ते लागलेले होते, तरी लावत राहिलो. त्याने एक नाव टाकले. एसटीत बसल्यावर ते पान काढून पुन्हा पाहिले. पाकीट अजून माझ्याजवळच आहे, आणि पुण्याला पोचायला दिवस पुरेसे आहेत.

तुझा राग येऊ दे, पण पत्र थांबवू नकोस.
प्रभाकर

ता. क. रोजनिशीत उद्यासाठी एकच काम लिहिले आहे: सकाळच्या गाडीने वर्धा. पहिले पान पुन्हा टाइप करून घेणे. नावे दोन, कोकिळेचे वर.